दुधाचे दात पडणारच आहेत, मग किडले तर काय बिघडलं?

बिघडतं. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरं, पण दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. तोवर मुलाने दुखऱ्या दाढेनेच जेवायचं का?

बाळाचा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते. काळं पडायची वाट बघू नका, लगेच दाखवलंत तर कीड थांबवता येते. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणं बंदच करा, आणि हे बाळाला दिवसभर सांभाळणाऱ्या आजीलाही समजावून सांगा. पहिल्या दातापासून तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत १००० भाग) लिहिलंय ना, तेवढं वाचून घ्या.