मुलगा कोलेलमध्ये शिकतोय, त्याचं घर समाजाने चालवायचं का?

शालोम ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या कागदापाशीच थांबले. मुलाने जेवणाच्या टेबलावर अर्ज ठेवला, तुमच्या यजमानांनी तो न वाचताच घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला, आणि पेसाखचा सण संपून इतके दिवस झाले तरी बापलेक एकमेकांशी बोललेले नाहीत.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई इस्रायलमध्ये लोदला राहतात, मूळच्या आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. यजमानांनी उभं आयुष्य फॅक्टरीत नाइट शिफ्ट केली, आता पेन्शनवर आहेत. मुलगा आर्मी करून आला, मग धर्माकडे ओढला गेला आणि आता कोलेलमध्ये आहे, म्हणजे लग्न झालेले पुरुष दिवसभर बसून तालमूद हा धर्मशास्त्राचा ग्रंथ शिकतात तिथे. दोन लहान मुलं आहेत, सून सकाळी बालवाडीत आणि संध्याकाळी एका दुकानात काम करते, कोलेलच्या स्टायपेंडमध्ये भागत नाही. तर मुलाने आपल्या इंडियन सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनामंदिराच्या, कमिटीकडे महिना 2,500 शेकेल मागितलेत, आणि ताई त्याच कमिटीवर आहेत, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतायत. त्या विचारतात, आई म्हणून हो म्हणू की कमिटीवाली म्हणून नाही?

ताई, मत द्यायला तुम्ही बसूच नका. त्या दिवशी बाहेर थांबा, आणि आधीच सांगून टाका की माझा मुलगा आहे म्हणून मी यात नाही. तुम्ही हो म्हणालात तर लोक वर्षानुवर्षं बोलतील, नाही म्हणालात तर मुलगा विसरणार नाही.

आता मला काय वाटतं ते. समाजाने विद्वानाला पोसावं, अगदी मनापासून सांगते, पोसावं. पण जो समाजाला काहीतरी देतो त्याला, आणि किती वर्षं ते आधी ठरवून. नुसतं शिकत बसायचे पैसे, तेही मुदत न ठरवता, असं मागणं मला पटत नाही.

मुलगा तुम्हाला यिस्साखार आणि जबुलून या दोन भावांची गोष्ट सांगतो असं लिहिलंय तुम्ही. जबुलून व्यापार करायचा, यिस्साखार तोरा, म्हणजे आपलं धर्मशास्त्र, शिकायचा, आणि पुण्य दोघांचं. छान गोष्ट आहे, पण त्यात जबुलून स्वतः राजी होता, दोघांनी मिळून ठरवलं होतं. तुमच्या घरात सून न विचारताच जबुलून झालीय, यजमान होऊ घातलेत, आणि आता सिनेगॉगच्या पेटीत दर महिन्याला पैसे टाकणाऱ्या त्या म्हाताऱ्या बायकाही.

या प्रश्नावर आपल्या ज्यू लोकांत आठशे वर्षांहून जास्त काळ वाद चाललाय, म्हणजे तुमच्या घरात काही जगावेगळं घडत नाहीये. रामबाम म्हणजे 12 व्या शतकातला आपला मोठा पंडित मायमोनिडीज, त्याने मिश्ने तोरा या आपल्या कायद्याच्या ग्रंथात सरळ लिहून ठेवलंय की काम न करता दानावर जगून तोरा शिकेन असं जो मनाशी ठरवतो तो देवाच्या नावाला बट्टा लावतो आणि धर्माचा दिवा विझवतो. कडक वाटतं ना? पण हा माणूस स्वतः आधी भावाच्या जिवावर शिकत होता. धाकटा भाऊ दाविद व्यापार करायचा, घर तोच चालवायचा, आणि तो आपल्या हिंदुस्थानकडे यायला निघाला असताना समुद्रात बुडाला. त्याची बायको आणि लहान मुलगी मागे राहिली, पैसाही बुडाला, आणि रामबाम त्या धक्क्याने वर्षभर अंथरुणाला खिळून होता, असं त्याने स्वतःच पत्रात लिहिलंय. पुढे त्याने वैद्यकी केली, कैरोच्या दरबारात सकाळी जायचं, दुपारी उपाशीपोटी घरी यायचं तर दारात पेशंटची रांग, रात्री बोलायलाही त्राण नाही, आणि तरी लिहीत राहिला. मला वाटतं कमावणाऱ्या माणसाची किंमत काय असते हे त्याला नीट कळलं होतं. मुलाला हे सांगा, पण टोमणा म्हणून नको, गोष्ट म्हणून सांगा.

दुसरी बाजूही खरी आहे हो. 16 व्या शतकात गालीलमधल्या त्सफात गावी योसेफ कारो हा धर्मपंडित होऊन गेला, त्याने रामबामच्या याच ओळींवर उत्तर लिहिलं की शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या पोटाची सोय झाली नसती तर तोरा विसरली गेली असती. आणि जुन्या ग्रंथांतच अशीही वाट आहे की शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, पण त्या वेळात तो माणूस जे कमावू शकला असता त्याची भरपाई घ्यायला हरकत नाही. मला ही वाट फार आवडते. देणाऱ्यालाही कळतं आपण कशाचे देतोय, आणि घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

आपल्या लोकांनी तरी वेगळं काय केलं? कोकणात आपल्याकडे रब्बी नव्हते, काजी होते, झिराडकर, राजपूरकर, शापूरकर अशा घराण्यांतले, ते गावोगाव फिरून लग्नं लावायचे, सुंता करायचे, भांडणं मिटवायचे, आणि लोक त्यांना देत. सिनेगॉगं झाल्यावर मुकादम (प्रमुख), गबई (खजिनदार), हजान (प्रार्थना चालवणारे), समाश (देखभाल करणारे) आले. माझ्या लहानपणी आमचे हजान दिवसा शाळेत मास्तर होते. संध्याकाळी आम्हा पोरांना ओट्यावर बसवून पाटीवर आलेफ-बेथ, म्हणजे हिब्रू मुळाक्षरं, गिरवायला लावायचे, बोटांना कायम खडू लागलेला, आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, त्याच बोटाने सेफरमधली (तोराच्या पोथीतली) ओळ दाखवत पुढे सरकायचे. महिन्याला थोडा पगार आणि वर्षाला तांदूळ मिळायचे, मलिद्याच्या, म्हणजे आपल्या नवस-आभाराच्या विधीच्या, वेळी पोहे-खोबऱ्याचं पहिलं ताट त्यांना. कुणाला कधी जड वाटलं नाही, कारण ते आजारी पडले की गावाची प्रार्थनाच अडायची.

आणि ताई, एक गोष्ट तुमच्या यजमानांना माझ्याकडून सांगा. 1962 साली इथल्या, इस्रायलच्या, रब्बिनेटने (रब्बींच्या सरकारी धर्मपीठाने) आपल्या लोकांच्या लग्नांवर शंका घेतली, आजी-पणजीपर्यंत चौकशी करा म्हणाले, आणि 1964 ला आपली माणसं येरुशलेममध्ये धरणं धरून बसली तेव्हा कुठे कनेसेतने, म्हणजे इथल्या संसदेने, ठराव केला की हे पूर्ण ज्यू आहेत. आपण तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी माणसं, धर्म पाळला पण त्यावर वाद घालायचं शिक्षण आपल्याकडे नव्हतं. तुमचा मुलगा तेच शिकतोय. उद्या कुणी पुन्हा बोट दाखवलं तर त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच ग्रंथांतून उत्तर देणारा एक आपला माणूस असेल. हे काही कमी नाही, आणि त्याच्या बाबांनी एवढ्या रात्री जागून काढल्या त्या मुलं शिकावीत म्हणूनच ना.

तर कमिटीने काय करावं? त्याचा अर्ज जसा आहे तसा परत द्यावा आणि दुसरा मागवावा. आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांना बार मित्स्वाची (तेराव्या वर्षीच्या धर्मसंस्काराची) तयारी, एक दिवस म्हाताऱ्या माणसांसाठी मराठीतून पाराशा, म्हणजे त्या आठवड्याचा तोरापाठ, कारण त्यांना हिब्रूतलं प्रवचन अजून पोचत नाही, ती मागे बसून नुसती मान डोलवतात. आणि आपल्या चाली, एलियाहू हन्नाबीची (एलिया संदेष्ट्याची) गाणी, मलिद्याचे विधी हे सगळं शिकून घेऊन पुढच्यांना शिकवायचं, कोलेलमध्ये हे कुणी शिकवत नाही. या कामाचे पैसे द्या, महिन्याला द्या, वेळेवर द्या, दोन वर्षांसाठी द्या. दोन वर्षांत त्याने दायानची, म्हणजे धर्मन्यायाधीशाची, परीक्षा द्यावी, शिक्षकाचं सर्टिफिकेट घ्यावं, नाहीतर हाताला दुसरं काम शोधावं. आणि दुसऱ्या कुणाचा मुलगा आला तर त्यालाही हाच नियम, कागदावर लिहून.

तुमच्या पेन्शनमधून मात्र एक शेकेलही देऊ नका. नातवंडांना बूट घ्या, औषधं आणा, पण महिन्याचा हप्ता नको, कारण एकदा सुरू केला की तो बंद करणारी तुम्ही वाईट ठरता.

सुनेबद्दल तुम्ही दीडच ओळ लिहिलीय. "ती काही बोलत नाही." मला त्याच ओळीची काळजी वाटते. सकाळी बालवाडी, संध्याकाळी दुकान, मध्ये दोन पोरं. लग्नात केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, वाचला तेव्हा तुमच्या मुलाने त्यात कबूल केलंय की मी काम करीन, तुझा मान ठेवीन, तुला खाऊ घालीन, तुला पोसीन. हे चार शब्द त्यानेच, सगळ्यांसमोर मान्य केलेत. ती खुशीने हे करत असेल तर प्रश्नच नाही, खूप बायका खुशीने करतात आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. पण तिला कुणी विचारलंय का? मीटिंगच्या आधी तिला एकटीला घरी बोलवा, पोरं यजमानांकडे सोपवा, चहा करा आणि विचारा, तुला किती दिवस जमेल गं हे. ती काय म्हणते ते आधी ऐका, आणि मगच कमिटीला फोन करा.

यजमानांच्या चष्म्याच्या डबीतला तो कागद तेवढा बाहेर काढा. वाचू दे त्यांना. रागावू देत, चालेल, पण वाचून रागावू देत.

तुमची,
मावशी