घरच्या आर्केड कपाटाला टी-पट्टीची खाच कशी पाडायची?

तुम्ही जुळे सोलापुरात घरीच व्हिडिओ गेमचं उभं कपाट बनवताय, बाजूच्या दोन्ही फळ्या 18 मिमी एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबीव बोर्डाच्या) कापून झाल्यात, बाहेरून काळी टी-पट्टी (फळीच्या कडेच्या खाचेत ठोकून बसवायची, इंग्रजी टीच्या आकाराची प्लास्टिकची पट्टी) मागवलीय आणि तुमचा सुतार म्हणतोय, ‘खाच-बिच कशाला, एजबँड चिकटवून देतो.’ मी सुतार नाही, टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पण अशी दोन कपाटं केलीत आणि पहिल्यात चांगली माती खाल्लीय.

एजबँड, म्हणजे कडेला चिकटवायची पातळ फीत, घरातल्या वॉर्डरोबला ठीक आहे. या कपाटाला मात्र पोरं चिकटून उभी राहतात, गुडघे घासतात, कुणाच्या पट्ट्याचं बक्कल लागतं. कोपऱ्यावरचा एजबँड एकदा उचकटला की नखाने सोलत बसायचा चाळाच लागतो सगळ्यांना. टी-पट्टीचा दांडा लाकडात रुतलेला असतो, ती सोलता येत नाही. तेव्हा सुताराला नम्रपणे नाही म्हणा.

आता खाच पाडायच्या बिटची घाई करू नका. पट्टी हातात येऊ द्या, दांड्याला व्हर्निअर लावा. दांड्याच्या दोन्ही अंगांना माशाच्या काट्यासारखे दाते असतात. दाते धरून जाडी मोजा आणि दाते सोडूनही मोजा. खाच या दोन मापांच्या मधली हवी. आर्केडच्या पट्टीला नेहमी 1/16 इंच, म्हणजे 1.6 मिमीचा स्लॉट कटर (खाच पाडणारी दातेरी चकती) चालतो, सुताराच्या हिशेबात बरोबर अर्धा सूत. काही पट्ट्या जाड दांड्याच्या असतात, त्यांना 3/32 इंच, म्हणजे पाऊण सूत लागतं.

मी इथेच फसलो. दुकानात अर्ध्या सुताचा कटर नव्हता, एक सुताचा होता. 3.2 मिमी! म्हटलं, थोडं फेविकॉल भरू. खाच पाडली, पट्टी घातली आणि कपाट उभं केल्याकेल्या ती वरून सापाच्या कातीसारखी लोंबायला लागली. फेविकॉल प्लास्टिकला धरत नाही, हे त्या रात्री कळलं. शेवटी कारखान्यातून टॉवेलची कापून टाकलेली किनार आणली, फेविकॉलमध्ये भिजवून पट्टीच्या दांड्याभोवती दुमडली आणि पातळ स्क्रू-ड्रायव्हरने खाचेत कोंबत गेलो. कापड लाकडाला धरून बसलं आणि दाते कापडात अडकले. ते कपाट अजून भाच्याकडे आहे, पट्टी हललेली नाही. पण एका फळीला अख्खा रविवार गेला. ज्याला हौस असेल त्याने करावं.

उलट खाच फार अरुंद झाली तर एमडीएफ मधोमध फुगतो आणि कडेला चीर पडते. एमडीएफचं पोट मऊच असतं. त्यामुळे हातोडा जोरात मारावा लागतोय असं वाटलं की थांबा.

मशीन कुठलं? हातात धरायचा छोटा ट्रिमर मिनिटाला 30,000 च्या आसपास फिरतो आणि स्लॉट कटर म्हणजे चांगली दीड-पावणेदोन इंची चकती. ती त्या वेगाने फिरवू नका. वेग कमी-जास्त करता येणारा राउटर (लाकूड कोरायचं मोठं मशीन) घ्या, भाड्याने मिळाला तरी चालेल, आणि कटरच्या पाकिटावर जास्तीत जास्त वेग छापलेला असेल त्याच्या खाली राहा. मार्बल कटरने खाच मारून देतो म्हणणारेही भेटतील. सरळ कडेला कदाचित जमेल, पण तुमच्या फळीला वळणं आहेत आणि वळणावर ती चकती फसते, उडते.

खाचेची खोली कटरवरचं, फळीच्या कडेला टेकून फिरणारं बेअरिंग ठरवतं. कटरच्या व्यासातून बेअरिंगचा व्यास वजा करा, निम्मे करा. कटर 47 आणि बेअरिंग 22 असेल तर खाच साडेबारा मिमी खोल जाईल. दांड्याच्या लांबीपेक्षा दोनेक मिमी जास्त असू द्या, तळाशी भुसा साठतोच.

तुमच्या बाबतीत खरी गोम वेगळीच आहे. पट्टी पाऊण इंची, म्हणजे 19 मिमी, आणि आपल्याकडचा बोर्ड 18 मिमी. खाच बरोबर मध्यावर पाडली तर पट्टी दोन्हीकडे अर्धा-अर्धा मिमी बाहेर येईल आणि बाहेरच्या अंगाला बोट फिरवलं की ती कड लागत राहील. दोन उपाय आहेत. बाहेरून सनमायका लावणार असाल तर खाचेच्या आधी लावा. 1 मिमीचा घ्या. 18 आणि 1 मिळून 19, मुद्दाम जुळवल्यासारखं होतं, आणि खाच बिनधास्त मध्यावर. नुसता रंगच देणार असाल तर खाच आतल्या अंगाला अर्धा मिमी सरकवा, म्हणजे खाचेचा मध्य बाहेरच्या पृष्ठभागापासून 9.5 मिमीवर येईल. पट्टी बाहेर सपाट बसेल, सगळा जादा मिमी आत जाईल, तिथे कोण बघतंय!

हे साधायचं तर राउटरचा बेस दोन्ही फळ्यांच्या बाहेरच्याच अंगावर टेकला पाहिजे. एक फळी चुकून उलटी ठेवली की डावी-उजवी जुळत नाही. मी आधीच खडूने मोठा ‘बा’ लिहून ठेवतो.

कटरची उंची बरोबर लागली का, हे मोजपट्टीने मोजू नका, डोळा फसतो. त्याच बोर्डाच्या तुकड्यावर एक खाच पाडा, तुकडा पालथा करा आणि त्याच जागी पुन्हा फिरवा. मध्य अचूक असेल तर खाच 1.6 च राहते. 2 मिमी झाली तर तुम्ही 0.2 ने चुकलात, रुंदावली त्याच्या निम्मं. अर्धा मिमी सरकवायचं असेल तर पालथ्या तुकड्यात खाच 2.6 मिमी यायला हवी. माझे तीन तुकडे वाया गेले, चौथ्याला बसलं.

राउटर फळीच्या बाहेरच्या कडेने प्रदक्षिणेच्या उलट दिशेने न्यायचा, म्हणजे तो ओढून पळत नाही. खाच जोडणीच्या आधीच पाडा. आतल्या रिपांचे स्क्रू एकदा बसले की त्यांची टोकं कुठे आलीत ते दिसत नाही, आणि कटरचा दात स्क्रूवर गेला की ठिणगी, आवाज, पैसे. एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो, नाकाला रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावा. कानात बोळे तर मी मागांच्या शेडमधल्या सवयीने घालतोच.

बसवताना बाहेरच्या गोल वळणावर दांड्यातून इंग्रजी व्हीसारखे तुकडे काढा, नाहीतर आत दांडा दाटून पट्टीला सुरकुती पडते. आतल्या वळणावर नुसते छेद पुरतात, तिथे दांडा ताणला जातो. बाहेरचं तोंड कुठेही कापायचं नाही. रबरी हातोडा घ्या आणि मागच्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करा, म्हणजे सांधा भिंतीकडे जाईल.

पट्टी मऊ करायला लोक हेअर ड्रायर सांगतात. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी गच्चीवर पाच मिनिटं ठेवली तरी भागतं. पण गरम पट्टी ओढत-ओढत बसवू नका. ताणलेली पट्टी गार झाली की आखडते आणि सांध्याला फट पडते. म्हणून शेवटी इंचभर जादा सोडा, कपाट रात्रभर तसंच राहू द्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत ब्लेडने कापा.