'महाग'च्या पोटातली किंमत

प्रश्न असा आहे: "शेअरची दर्शनी किंमत दहा आणि बाजारातली किंमत एवढी महाग, असं का? शिवाय दर्शनी किंमत म्हणावं की दर्शनी मूल्य?"

दर्शनीचं नंतर पाहू. आधी ती 'महाग किंमत' आवरा. बातम्यांत, जाहिरातींत, चांगल्या शिकलेल्यांच्या तोंडी सतत ऐकू येते आणि दर वेळी कान किटतात. किंमत जास्त असते, कमी असते, चढते, उतरते. महाग असते ती वस्तू. हा माझा हट्ट नाही, शब्दाच्या पोटातच कारण आहे. महाग आला संस्कृत 'महार्घ'वरून, प्राकृत 'महग्घ'मार्गे. महा अधिक अर्घ, समास बहुव्रीही: ज्याचा अर्घ मोठा, ते. आणि अर्घ म्हणजेच किंमत. 'मूल्ये पूजाविधावर्घः' असं अमरकोश सांगतो. किमतीलाही अर्घ आणि पूजेतल्या उपचारालाही अर्घ. मग 'किंमत महाग' म्हणजे काय झालं? किंमत मोठ्या किमतीची! पिवळ्या पीतांबराला हसणारे लोक हे मात्र बिनदिक्कत बोलतात.

याचं भावंड आणखी मजेदार. 'समर्घ' म्हणजे बेताच्या अर्घाचं; प्राकृतात समग्घ, मराठीत सवंग. गुजरातीत मोंघुं-सोंघुं ही जोडी अजून बाजारात हिंडते. आपल्याकडे 'स्वस्त'ने सवंगाला व्यवहारातून जवळजवळ हुसकावलं आणि तो 'सवंग लोकप्रियता', 'सवंग विनोद' यांत जाऊन पडला. भाव सांगणारा शब्द आता लोकांच्या अभिरुचीवर ताशेरे ओढतो.

(जाता जाता: किंमतीला, किंमतीत असं लिहू नका. गंमत-गमतीला, हिंमत-हिमतीला, तसं किंमत-किमतीला.)

भाव आणि दर सगळ्यांना कळतात, सोडून देऊ. खरा घोळ किंमत आणि मूल्य यांचा. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी वाटणी करून टाकली आहे: पैशात मोजतात ती किंमत, आणि अंगची योग्यता ते मूल्य. परिभाषा म्हणून ठीक. पण हीच भाषेतली मूळ वाटणी आहे असं कोणी ऐटीत सांगू लागलं, की त्याला दोन साधे प्रश्न विचारावेत. 'विनामूल्य प्रवेश' म्हणजे योग्यता नसलेला प्रवेश का? 'त्याच्या शब्दाला किंमत नाही' यात पैसे कुठे आले? मूल्याचंच झिजलेलं रूप मोल. मोलमजुरी आणि मोलकरीण यांतलं मोल तर रोख पगार आहे.

व्युत्पत्ती पाहिली तर वाटणी चक्क उलटी निघते. किंमत हा अरबी 'कीमा', फारसीतून आपल्याकडे आलेला. त्याचा धातू 'उभं राहणे' या अर्थाचा. वस्तूच्या जागी उभी राहते म्हणून ती कीमा, असं अरबी कोशकार सांगतात. मुक्काम, कायम, कयामत ही सगळी त्याच धातूची लेकरं. (कायदा मात्र 'बसणे' या धातूचा. किंमत उभी, कायदा बसलेला!) आणि अरबीत सौद्यात ठरलेल्या रकमेला 'समन' हा वेगळाच शब्द आहे, कीमा म्हणजे वस्तूची पारखून ठरवलेली योग्यता.

उलट मूल्य हा पक्का व्यापारी शब्द. पाणिनी तो दोनदा साधतो. एकदा ('अष्टाध्यायी' या त्याच्या व्याकरणात, सूत्र ४.४.८८) मुळासकट उपटावे लागणारे उडीद-मूग ते 'मूल्य'. दुसऱ्यांदा (४.४.९१) मूळ म्हणजे घातलेलं भांडवल, आणि त्याच्याशी 'सम' किंवा त्याने 'आनाम्य' ते मूल्य. पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका 'काशिका' इथे आनाम्य म्हणजे 'अभिभवनीय', नमवण्याजोगं, असा अर्थ देते. मला हे पटत नाही. दुकानदाराचा शब्द आखाड्यात कशाला न्यायचा? नम् म्हणजे वाकणे. माझ्या मते यात सरळ घासाघीस आहे: भांडवलाला धक्का न लावता जेवढं वाकवता येईल तेवढं. 'त्याने आनाम्य' यातली तृतीया विभक्ती माझ्या बाजूने फारशी बोलत नाही, हे वैयाकरण लगेच सांगतील. सांगू देत. भाव वाकवण्याची कला काशिकेहून जुनी आहे.

हां, दर्शनी. हुंडीच्या व्यवहारात दर्शनी म्हणजे दाखवताक्षणी पैसे देण्याची. मुदतीची हुंडी वेगळी. शेअर, रोखे, नोटा, नाणी यांच्या बाबतीत दर्शनी म्हणजे तोंडावर लिहिलेली. किंमत म्हणा की मूल्य, चूक काहीच नाही. कागदोपत्री लिहायचं असेल तर 'मूल्य' घ्या, कारण त्याचे नातेवाईक तिथे आधीच बसले आहेत: दर्शनी रकमेलाच विकलं तर सममूल्य, वरचढ रकमेला विकलं तर अधिमूल्य. हे 'सम' पाणिनीच्या सूत्रातल्या 'सम'ला किती लागून आहे पाहा.

बाजारातला आकडा वेगळा का, तर तो घेणारे-विकणारे रोज ठरवतात आणि दर्शनी आकडा कंपनी ठरवून मोकळी होते. लाभांशाची टक्केवारी मात्र दर्शनी रकमेवरच काढतात. दहाच्या शेअरवर पन्नास टक्के लाभांश म्हणजे पाचच, मग बाजारात तो शेअर कितीही महाग असो. शेअर महाग, किंमत नव्हे.