सर्व्हेच्या आकड्यांवरनं वृत्तालेखाचे (पाय चार्टचे) कोन कसे काढायचे?
भावा, तू 40 पोरांना नाष्ट्याला काय आवडतं विचारलंस, मिसळ 18, कटवडा 10, पोहे 7, भडंग 5, आणि आता पाय चार्टचे कोन अडलेत, तर आधी बेरीज 40 येते का बघ, लई जणांची चूक हितंच होते. मग प्रत्येक आकडा एकूणवर ठेवायचा, म्हणजे मिसळ 18/40, संक्षेप देऊन 9/20, कटवडा 1/4, पोहे 7/40, भडंग 1/8.

आख्खं वर्तुळ 360 अंशाचं, ते 40 जणांत वाटलं की एका पोराला 9 अंश येतात, बास, आता नुसतं 9 नं गुणत सुटायचं: मिसळ 162, कटवडा 90, पोहे 63, भडंग 45, बेरीज बरोब्बर 360.

पण पोरं 35 असती तर 360 भागिले 35 म्हणजे 10.28 असं काहीतरी येतं, ते आधीच 10 धरू नकोस, वर्तुळात 10 अंशाची फट राहील. आधी आकड्याला 360 नं गुण, मग 35 नं भाग, आणि पूर्णांक शेवटी कर. काढताना कोनमापकाचा शून्य दरवेळी मागच्या रेषेवर ठेव, पहिल्या नाही.