गर्दीच्या शहरात सायकलसाठी शांत आणि सुरक्षित रस्ता कसा शोधावा?

तुम्ही लिहिलंय की कामाची जागा घरापासून ९ किलोमीटर आहे, मोबाइलवरचा नकाशा दरवेळी मोठ्या रस्त्यानेच नेतो आणि शेजारून बस गेली की हात थरथरतात. यात कमीपणा मानू नका. भीती वाटते कारण तो रस्ता खरोखरच भीतिदायक आहे. मी आठ वर्षं सायकलने कामावर जातोय, आणि पहिल्या वर्षी दोनदा सायकल विकायला काढली होती. दोन्ही वेळा चूक रस्त्याच्या निवडीत होती.

मला फार उशिरा कळलेली गोष्ट आधी सांगतो. गल्ल्या नंतर शोधा, आधी ओलांडायच्या जागा शोधा. निवांत गल्ल्या कुठल्याही शहरात ढिगाने सापडतात. घोडं अडतं ते गल्लीच्या तोंडाशी, जिथे सहापदरी रस्ता, रेल्वेचे रूळ नाहीतर नदी आडवी येते. २०१२ साली अमेरिकेतल्या मिनेटा ट्रान्स्पोर्टेशन इन्स्टिट्यूटने सायकलस्वारावर येणाऱ्या ताणावरून रस्त्यांच्या चार पायऱ्या ठरवल्या. त्यातलं एक तत्त्व मला तंतोतंत पटतं: मार्गाचा दर्जा सरासरीवर काढायचा नसतो, त्यातल्या सगळ्यांत वाईट तुकड्यावर ठरवायचा असतो. साडेआठ किलोमीटर सावलीतून गेलात आणि एकच चौक जीवघेणा असला, तर चौथ्या दिवशी सायकल घरीच राहते.

म्हणून नकाशा उघडून घर आणि कामाची जागा यांच्यामध्ये काय काय आडवं येतं ते बघा. रूळ, नदी, नाला, हायवे. प्रत्येक अडथळा कुठे कुठे ओलांडता येतो त्या जागांवर खुणा करा. त्यातले उड्डाणपूल आधी बाद करा, तिथे गाड्या वेगात असतात आणि बाजूला व्हायला जागा नसते. पादचाऱ्यांचा भुयारी मार्ग असेल तर सायकल हातात धरून दोन मिनिटं चालायला काहीच हरकत नाही. उरलेल्या खुणा मग गल्ल्यांनी जोडायच्या.

माझाच एक चौक सांगतो. सिग्नल नसलेल्या तिठ्यावर मी रोज एक पाय जमिनीवर टेकवून फटीची वाट बघायचो. शेवटी एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता घड्याळ लावून तिथे उभा राहिलो. पूर्ण रस्ता मोकळा मिळायला सव्वातीन मिनिटं लागली. तिथून ३०० मीटरवर सिग्नल होता आणि त्यात आडव्या गल्लीला स्वतंत्र हिरवा दिवा मिळत होता. तिकडून गेल्यावर अंतर ६०० मीटरनी वाढलं. ताशी १५ किलोमीटरने हे अडीच मिनिटांचंही काम नाही. वळसा पडतो म्हणून तो रस्ता मी कित्येक महिने टाळत होतो, याची अजून हळहळ वाटते.

नकाशांपैकी ओपनस्ट्रीटमॅप मला सर्वांत उपयोगी पडला. तो स्वयंसेवकांनी बनवलेला आहे, त्यामुळे बोळ आणि पायवाटाही बऱ्याचदा त्यात सापडतात. ब्राउटर हे फुकट साधन त्याच नकाशावरून सायकलचा मार्ग आखतं, आणि रेघ ओढून तुम्हाला हवा तसा मार्ग बदलता येतो. स्ट्राव्हा या धावण्या-सायकलिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपचा हीटमॅप, म्हणजे लोक कुठून जास्त जातात ते उजळ रेघांनी दाखवणारा नकाशाही बघा, पण जपून. त्यावर झळकणाऱ्या रेघा बऱ्याचदा पहाटे सरावाला जाणाऱ्यांच्या असतात, ते रिकामा मोठा रस्ताच धरतात. मुख्य रस्ता सोडून दोन वस्त्यांमधून जाणारी बारीकशी रेघ दिसली, तर मात्र तिथे हमखास काहीतरी वाट असते.

गल्ली निवडताना एक कसोटी लावा: गाडीवाल्याला इथून जाऊन सिग्नल चुकवता येतो का? दोन मोठ्या रस्त्यांना सरळ जोडणारी गल्ली गर्दीच्या वेळी शांत राहूच शकत नाही. वाकडीतिकडी, मध्येच खांब रोवून गाड्यांना बंद केलेली गल्ली मिळाली तर ती सोडू नका. बेल्जियममधल्या गेंट शहराने २०१७ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर केलं. शहराचे भाग पाडले, गाड्यांना एका भागातून शेजारच्या भागात जायला बाहेरून वळसा घालायला लावला आणि सायकलींना मधली वाट मोकळी ठेवली. स्पीडब्रेकरवाली गल्लीही मी आनंदाने घेतो. ताशी ५० ने येणाऱ्या गाडीच्या धडकेत ३० च्या जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा असते.

काही गोष्टी जागेवरच कळतात. पहिली फेरी रविवारी मारा, दुसरी कामाच्या दिवशी नेमक्या वेळेला. शाळा सुटायची वेळ, कुलूप लागणारं गेट, कुत्र्यांची टोळी हे सगळं तेव्हाच कळतं. गटारांच्या जाळ्या निरखून बघा. गज रस्त्याच्या दिशेने लांब बसवलेले असतील तर सायकलचं चाक त्यात सरळ उतरतं. उभ्या गाड्यांपासून किमान एक मीटर अंतर ठेवा. एकदा माझ्या पुढ्यात मागच्या सीटचं दार उघडलं. दाराची कड ब्रेकच्या लिव्हरला घासून गेली, तेवढ्यावर निभावलं. एवढं अंतर ठेवायला जागाच नसेल तर ती गल्ली यादीतून काढून टाका.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर मधल्या लेनमध्ये शिरू नका. डावी बाजू धरून सरळ चौक ओलांडा, पलीकडच्या कोपऱ्यात थांबा, सायकल उजवीकडे वळवा आणि त्या बाजूच्या हिरव्या दिव्यावर पुन्हा सरळ जा. एक सिग्नल जास्त थांबावं लागतं, पण एकदाही गाड्यांच्या मधून आडवं जावं लागत नाही.

परतीचा मार्ग वेगळा आखा. वन-वेमुळे सकाळची वाट संध्याकाळी उलट्या दिशेची होते, आणि झाडांची जी गल्ली सकाळी सुंदर दिसते ती दिवे नसले की अंधारात खड्डे लपवते. माझ्या जाण्याच्या आणि येण्याच्या वाटेत फक्त एक पूल सारखा आहे.