वाचकांचे प्रश्न : एनएमआर आणि पॉलिमरची साखळी

प्रश्न : भोसरीत माझा इंजेक्शन मोल्डिंगचा छोटा कारखाना आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या दाण्यापासून आम्ही डब्यांची झाकणे काढतो. झाकणाला जोडून ठेवणारी पातळ पट्टी बिजागरीसारखी वाकावी लागते. गेल्या दोन लॉटचा मेल्ट फ्लो (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचे माप) सारखाच आहे, तरी एका लॉटची पट्टी थोड्याच दिवसांत तडकते. एका परिचितांनी ‘एनएमआर करून घ्या, साखळी दिसेल’ असे सुचवले. या चाचणीत खरोखर साखळी दिसते का? माझ्या अडचणीत तिचा उपयोग होईल का?
— एक उद्योजक, भोसरी

उत्तर : साखळी दिसत नाही, हे आधीच सांगायला हवे. साखळीतल्या अणूंचे शेजारी कोण आहेत ते कळते आणि त्यांची मोजदाद करता येते. जनगणनेच्या प्रगणकाने प्रत्येक घरी फक्त एवढेच विचारले, की शेजारच्या घरांची दारे तुमच्याच बाजूला उघडतात की विरुद्ध बाजूला, तर प्रत्येक प्रकारची घरे किती आहेत याचा आकडा त्याला मिळेल, पण गल्लीचा नकाशा मिळणार नाही. एनएमआर, म्हणजेच अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, पॉलिमरच्या बाबतीत नेमके हेच काम करते.

कार्बनच्या दर शंभर अणूंपैकी साधारण १.१ अणू कार्बन-१३ चे असतात आणि त्यांचीच अणुकेंद्रे लहान चुंबकांसारखी वागतात. नेहमीचा कार्बन-१२ या चाचणीला जाणवतच नाही. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे दोन लाख पट, म्हणजे ९.४ टेस्ला, इतक्या क्षेत्रात नमुना ठेवला की ही केंद्रे सुमारे १०० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. भोवतीचे इलेक्ट्रॉन बाहेरचे क्षेत्र किंचित अडवतात आणि ते किती अडवतात हे शेजारच्या अणूंवर अवलंबून असल्यामुळे प्रत्येक केंद्राची वारंवारता दशलक्षात काही भागांनी सरकते. या सरकण्याला केमिकल शिफ्ट म्हणतात आणि ते पीपीएममध्ये मोजतात.

पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत एकाआड एक कार्बनवर मिथाइल गट असतो. हे सगळे गट एकाच बाजूला असले तर साखळ्या नीट रचल्या जातात आणि सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळणारे कणखर प्लास्टिक मिळते. त्यांच्या दिशा विस्कळीत असल्या तर त्याच सूत्राचा पदार्थ मऊ आणि चिकट होतो. कार्बन-१३ च्या वर्णपटात, म्हणजे चाचणीतून मिळणाऱ्या वारंवारतांच्या आलेखात, मिथाइल गटाचे शिखर एकटे नसते. सलग पाच घटकांची मांडणी कशी आहे त्यानुसार ते वेगवेगळ्या जागी येते आणि अशा मांडण्या एकूण दहा प्रकारच्या असू शकतात. पाचही गट एकाच बाजूला असतील तर शिखर सुमारे २१.८ पीपीएमला येते, पूर्ण आलटून-पालटून असतील तर सुमारे २०.३ ला. मला स्वतःला यापुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. साखळी वाढत असताना एखादा घटक चुकून उलटा बसला आणि उत्प्रेरकाने लगेच मूळची बाजू पुन्हा धरली, तर चुकीशी निगडित तीन लहान शिखरे २ : २ : १ या प्रमाणात दिसतात. बाजू पकडण्याचे काम उत्प्रेरक करत नसून साखळीचे शेवटचे टोक करत असेल, तर चूक पुढे तशीच चालू राहते आणि दोन शिखरे १ : १ प्रमाणात येतात. म्हणजे तयार मालाच्या नमुन्यावरून तो माल बनताना रिॲक्टरमध्ये काय घडले तेही वाचता येते.

आता आपल्या लॉटविषयी. मेल्ट फ्लो सारखा आहे याचा अर्थ साखळ्यांची सरासरी लांबी साधारण सारखी आहे; त्यांची जडणघडण सारखी असेलच असे नाही. एका लॉटमध्ये इथिलीनचे घटक मिसळलेले असू शकतात, पुनर्वापराच्या दाण्यातून पॉलिइथिलीन आलेले असू शकते किंवा खनिज भुकटी घातलेली असू शकते. माझा सल्ला असा, की आधी डीएससी (तापवत नेऊन नमुना कोणत्या तापमानाला वितळतो ते पाहणारी चाचणी) आणि राखेची चाचणी करून घ्यावी, कारण त्या स्वस्त आणि झटपट होतात. भुकटी राखेत उरते. पॉलिइथिलीनची भेसळ असेल तर १२५ ते १३५ अंशांच्या आसपास वितळण्याचे वेगळे शिखर बहुधा दिसते आणि इथिलीन साखळीतच विखुरलेले असेल तर पॉलिप्रॉपिलीनचा स्वतःचा वितळणांक खाली येतो. त्यानंतरही संशय उरला तर एनएमआर करावे. तेथे लांब पॉलिइथिलीनचे शिखर ३० पीपीएमला येते आणि इथिलीन प्रॉपिलीनला साखळीतच जोडलेले असेल तर त्या सांध्यांची वेगळी शिखरे दिसतात. केवळ ३० ची रेघ आहे आणि सांध्यांची शिखरे नाहीत, असे आढळले तर दोन पदार्थ बहुधा नुसते एकत्र मिसळले आहेत असे म्हणता येते. नमुना मात्र टेट्राक्लोरोइथेनसारख्या द्रावकात १२० ते १३० अंशांना विरघळवावा लागतो आणि कार्बन-१३ इतका विरळ असल्याने मोजणीला काही तास लागतात. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशी उपकरणे आहेत. नमुना देताना दोन्ही लॉटचे दाणे द्यावेत, कारण चांगल्या लॉटशी तुलना केल्याशिवाय एका वर्णपटाचा अर्थ लावणे कठीण असते.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवते. एका शिखराला ‘एकाच बाजूचे’ आणि दुसऱ्याला ‘आलटून-पालटून’ हे नाव पुस्तकांत दिलेले असते. साखळी दिसतच नसेल, तर कोणते शिखर कोणाचे हे पहिल्यांदा ठरवले कसे?
— एक प्राध्यापिका, सदाशिव पेठ

उत्तर : हा प्रश्न वर्गात विचारला जायलाच हवा. त्याचे उत्तर १९६० साली फ्रँक बोव्हे आणि जॉर्ज टायर्स यांनी पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटवर, म्हणजे ॲक्रिलिकच्या तक्त्यांच्या पॉलिमरवर, केलेल्या कामातून मिळाले, आणि ते केवळ सममितीच्या आधारावर मिळाले. येथे कार्बनऐवजी हायड्रोजनची केंद्रे पाहिली होती. दोन घटकांच्या मध्ये असलेल्या मिथिलीन गटात दोन हायड्रोजन असतात. शेजारचे दोन्ही एस्टर गट एकाच बाजूला असतील तर एका हायड्रोजनच्या बाजूला दोन एस्टर आणि दुसऱ्याच्या बाजूला दोन मिथाइल येतात. दोघांचे शेजार वेगळे असल्यामुळे ते वेगवेगळ्या वारंवारतेला प्रतिसाद देतात, एकमेकांवर परिणामही करतात आणि चार रेषा दिसतात. एस्टर गट आलटून-पालटून असतील तर प्रत्येक हायड्रोजनला एक एस्टर आणि एक मिथाइल असा सारखाच शेजार मिळतो आणि एकच रेषा येते. चार रेषा की एक, एवढ्यावर निर्णय होतो. त्यासाठी क्ष-किरणांच्या चाचणीची साक्ष काढावी लागत नाही. एकदा हे ठरल्यावर त्याच नमुन्यांवरून मिथाइल गटाची तीन शिखरे ओळखता आली : सुमारे १.२ पीपीएमचे एकाच बाजूच्या मांडणीचे, ०.९ च्या आसपासचे आलटून-पालटूनचे आणि मधले मिश्र मांडणीचे. विद्यार्थिनींना साखळीचा सरळ ताणलेला सांगाडा फळ्यावर काढून दोन्ही हायड्रोजनांचे शेजारी त्यांच्याकडूनच मोजून घ्यावेत, असे सुचवावेसे वाटते.

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या प्रकल्पात बेन्झिल अल्कोहोल वापरून लॅक्टाइडपासून पॉलिलॅक्टिक आम्ल बनवले. प्रोटॉन (हायड्रोजनच्या) एनएमआरवरून रेणुभार सुमारे १०,२०० येतो आणि जीपीसीवरून (द्रावणातील साखळ्या आकारमानानुसार वेगळ्या करणाऱ्या चाचणीवरून) १७,५००. मार्गदर्शकांना कोणता आकडा दाखवू?
— एक विद्यार्थी, औंध

उत्तर : दोन्ही दाखवा आणि फरकाचे कारणही लिहा. तुमचा जीपीसीचा आकडा बहुधा पॉलिस्टायरीनच्या मापावर काढलेला आहे. पॉलिलॅक्टिक आम्लाची साखळी द्रावणात तेवढ्याच वजनाच्या पॉलिस्टायरीनपेक्षा अधिक जागा व्यापते, म्हणून रेणुभार फुगून येतो. त्यासाठी प्रचलित असलेला ०.५८ हा गुणक लावला तर १७,५०० चे सुमारे १०,१५० होतात. म्हणजे मुळात तुमच्या दोन मोजण्यांत भांडण नाही.

एनएमआरचा हिशेब मात्र एकदा तपासून घ्या. ७.३५ पीपीएमच्या फिनाइल शिखराचे क्षेत्रफळ ५ धरले आणि ५.१६ च्या समूहाचे १४१ आले असे समजू. या समूहात बेन्झिलचे दोन हायड्रोजनही लपलेले असतात, ते वजा केल्यावर १३९ उरतात. टोकाच्या घटकाचा हायड्रोजन ४.३६ ला वेगळा येतो, तो मिळवला की १४० घटक होतात. १४० गुणिले एका घटकाचा भार ७२, अधिक बेन्झिल अल्कोहोलचे १०८, असे १०,१८८ येतात. ते दोन हायड्रोजन वजा करायला विसरणे ही या मोजणीतली नेहमीची चूक आहे. दुसरी चूक ७.२६ ला येणारे, द्रावक म्हणून वापरलेल्या क्लोरोफॉर्मचे शिखर फिनाइलमध्ये मिळवून टाकण्याची. त्यामुळे टोके जास्त मोजली जातात आणि रेणुभार कमी निघतो. तिसरी चूक घाईची आहे. टोकाचे गट साखळीच्या मधल्या भागापेक्षा सावकाश पूर्वस्थितीला येतात, म्हणून रेडिओलहरींच्या दोन स्पंदांमध्ये पुरेसा वेळ सोडला नाही तर त्यांची शिखरे खुजी राहतात आणि रेणुभार वाढलेला दिसतो. सर्वांत सावकाश गटाच्या टी-१ च्या (पूर्वस्थितीला येण्याच्या कालमापाच्या) पाचपट वेळ सोडावा, आणि हा टी-१ आधी मोजावा, अंदाजाने धरू नये.

या साऱ्या हिशेबामागे प्रत्येक साखळीच्या एका टोकाला बेन्झिल आहे, असे गृहीतक आहे. लॅक्टाइड ओलसर असेल तर पाण्यापासूनही साखळ्या सुरू होतात आणि त्यांना बेन्झिल नसते. फिनाइलचे ५ आणि ४.३६ चा १ हे प्रमाण जुळते का, ते पाहून याची शहानिशा करता येते, ४.३६ चे शिखर त्या मानाने मोठे असेल तर ओलावा शिरला आहे.

प्रश्न : टायरचे रबर कशातच विरघळत नाही. मग त्याचा अभ्यास कसा करतात?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : घन नमुन्यात रेणू सर्व दिशांना रोखलेले असतात, आणि प्रत्येक दिशेला वारंवारता वेगळी असल्याने रेषा रुंदावून एकमेकींत मिसळतात. नमुना चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांचा कोन करून सेकंदाला हजारो फेऱ्या या वेगाने फिरवला तर हा दिशांचा परिणाम सरासरीत पुसला जातो. ही युक्ती १९५८-५९ मध्ये अँड्र्यू आणि लोव यांनी स्वतंत्रपणे मांडली. रबराच्या साखळ्या गंधकाने जोडल्यावरही बऱ्याच हलत्या राहतात, त्यामुळे त्याच्या रेषा कडक प्लास्टिकपेक्षा पुष्कळ बारीक येतात. नैसर्गिक रबरातला मिथाइल कार्बन २३.४ पीपीएमच्या आसपास दिसतो, तर त्याच आयसोप्रीनच्या दुसऱ्या मांडणीचा, म्हणजे गटापर्चाचा, १६ च्या आसपास. त्यामुळे दोन्हींचे तुकडे न विरघळवताही ओळखता येतात.