दंडाला भिऊन ताप बाहेर येत नाही

प्रश्न : कोरोनात आमच्या ग्रामपंचायतीनं मास्कसाठी दंड लावला, वेशीवर काट्या टाकल्या. तरी लोक ताप लपवत होते. पुन्हा साथ आली तर लोकांनी नियम पाळावेत म्हणून काय करावं?
– ग्रामपंचायत सदस्य, खटाव तालुका

उत्तर : भाऊ, दंडाच्या धाकानं मास्क नाकावर चढतो, पोलीस वळला की खाली येतो. ताप तर आणखीच दडतो.

आरोग्यसेविका म्हणून मी वस्त्यांवर घरोघर हिंडले. एका दारात बाई आडवी उभी राहिली, "आमच्यात कुणी आजारी नाही." आत नवरा खोकत होता. त्याला विलगीकरणात नेलं तर दोन म्हशींच्या धारा कोण काढणार, डेअरीला दूध कोण घालणार, हा तिचा घोर. शेजारणीनं धारा अंगावर घेतल्या, आशाताईंनी किराणा पोचवला, तसा तो आपणहून तपासणीला आला.

१८९७ साली पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीनं सोजीर घरांत घुसवले, बायकाही तपासणीतून सुटल्या नाहीत. लोक आजारी माणसं लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले हडपसरजवळच्या दवाखान्यात रुग्ण आणत होत्या. स्वतःला लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. अशा हातांवर लोक विसंबतात.

धारावीत १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला. एका खोलीत आठ-दहा माणसं, शौचालय सार्वजनिक. तिथं 'घरी थांबा' सांगून काय उपयोग? महापालिकेनं तिथल्याच खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन गल्ल्या पिंजून काढल्या, शौचालयं वारंवार निर्जंतुक केली, शाळांत विलगीकरण उभारून जेवणाची सोय केली. नेहमी औषध देणारा डॉक्टर दारात आला की ताप सांगायला जीभ अडखळत नाही.

तुम्ही आत्ताच वाडीवार यादी करा : एकट्याच्या कमाईवर कोणतं घर चालतं, जनावरं कुणाकडे, म्हातारी माणसं एकटी कुठं. त्यांचं काम कोण उचलेल, त्याचं नाव समोर लिहा. डेअरीचे सचिव, भजनी मंडळ, तालमीतली पोरं यांना आधीच सोबत घ्या. आणि साथीत पंचायतीतल्या कुणाच्या घरचं लग्न निघालं, तर तेही पन्नास माणसांत उरका. गाव पहिल्यांदा तिकडंच बघतं.